वारशात आलेली मॉरिस मायनर: तिसरा गिअर घाटात निसटतो, सकाळी दुसरा पडत नाही, दोष नेमका कुठे शोधावा?

तंबाखूपेठ (निपाणी) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात आजोबांची १९५८ सालची मॉरिस मायनर १००० ही चारदारी गाडी माझ्याकडे आली आहे. गोवा पोर्तुगीजांकडे होता तोवर तिथे परदेशी गाड्यांच्या आयातीवर इकडच्यासारखी बंधने नव्हती, आणि १९६१ नंतर तिथल्या बऱ्याच गाड्या घाट चढून खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात आल्या. आजोबांनीही ही गाडी मडगावच्या एका कुटुंबाकडून घेतली होती. इंजिन मूळचे ९४८ सीसीचे आहे. वाड्याच्या मागच्या पडवीत ती अनेक वर्षे उभीच होती. कार्बोरेटर, ब्रेक आणि वायरिंगचे काम करून घेतल्यावर ती आता सुरू होते आणि चालते, पण गिअरच्या बाबतीत पुढील तक्रारी आहेत.

सकाळी गाडी थंड असताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येताना दांडा अडतो आणि जोर केल्यास खरखर होते. दहा-बारा किलोमीटर चालल्यानंतर तोच गिअर बऱ्यापैकी सहज पडतो. पहिला आणि रिव्हर्स मात्र गाडी उभी असताना, थंड असो वा गरम, आवाज केल्याशिवाय पडत नाहीत. संकेश्वरहून परतताना तवंदी घाटाच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिसरा गिअर आपोआप निसटून दांडा न्यूट्रलमध्ये येतो. पहिल्या तीन गिअरमध्ये एक बारीक, सलग घरघर ऐकू येते, ती चौथ्यात जवळजवळ नाहीशी होते. रात्रभर गाडी उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या जागेखाली फरशीवर ऑइलचा डाग पडतो.

येथील एका गॅरेजमध्ये दाखवले असता मिस्त्रींनी एक फेरी मारून 'गिअरबॉक्स इळिसबेकु' (गिअरबॉक्स उतरवावा लागेल) एवढेच कन्नडमध्ये सांगितले आणि पूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचा अंदाज दिला. गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना त्याच गॅरेजने सर्व ऑइले बदलली होती, त्यामुळे ऑइल नवे आहे. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर माझी हरकत नाही, परंतु या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे की वेगवेगळे, हे उतरवण्याआधी समजून घेता येईल का?

निवृत्त वर्कशॉप (बेळगाव) यांचे उत्तर

आपण लक्षणे थंड-गरम, चढ-उतार अशी वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. माझ्या मते या तक्रारींची मुळे किमान तीन आहेत आणि त्यांपैकी दोन गिअरबॉक्सच्या बाहेर आहेत. ती दोन आधी दूर केल्याशिवाय गिअरबॉक्स उघडला, तर उघडूनही तक्रारी तशाच राहतील आणि मग दोष नव्या बेअरिंगांवर जाईल.

पहिला प्रश्न ऑइलचा. 'नवे आहे' एवढ्याने भागत नाही. कोणते आहे ते विचारा. आपल्याकडे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या दोन्हींत डोळे झाकून ९० नंबरचे ऑइल ओतण्याची पद्धत आहे, कारण ट्रक, ट्रॅक्टर आणि जीप यांवर हात बसलेला असतो. मॉरिस मायनरच्या गिअरबॉक्सला मात्र कंपनीने इंजिनचेच ऑइल सांगितले होते, म्हणजे एसएई ३०. आज ती गाडी जिथे अजून रोज वापरली जाते तिथे लोक २०-डब्ल्यू-५० हे इंजिन ऑइलही घालतात. मागच्या ॲक्सलची, म्हणजे डिफरन्शियलची, गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे हायपॉइड दाते आहेत, ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर घासत सरकतात, आणि त्यांना दाब सोसणारे ईपी ९० ऑइलच लागते. हे वाचून उत्साहाच्या भरात कोणी डिफरन्शियलमध्येही इंजिन ऑइल ओतू नये.

जाड ऑइलाने दुसरा गिअर का अडतो ते सांगतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोनायझर आहे. त्यातला पितळी शंकू गिअरच्या पोलादी शंकूवर घासून दोघांचा वेग एक करतो आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. मध्ये घट्ट ऑइलचा थर राहिला तर शंकू पकडण्याऐवजी घसरतो. शिवाय तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आतील शाफ्टांचा वेग वाढवावा लागतो, आणि त्या वेळी तेच घट्ट ऑइल त्यांना मागे ओढत असते. गाडी गरम झाल्यावर ऑइल पातळ होते आणि गिअर पडू लागतो. आपण लिहिलेले वर्तन हुबेहूब हेच आहे. जीएल-५ दर्जाचे (जास्त दाबासाठीचे) गिअर ऑइल असेल तर आणखी एक धोका आहे. त्यातील गंधकयुक्त रसायने पोलादी दात्यांसाठी उत्तम असली तरी पितळेला दीर्घकाळात खातात.

बदलण्याआधी गाडी फिरवून गरम करा, सपाट जागेवर उभी करा आणि खालचे बूच काढून निघालेले ऑइल स्वच्छ पातेल्यात धरून मोजा. या गिअरबॉक्सची क्षमता सव्वादोन ब्रिटिश पाइंट, म्हणजे सुमारे १.३ लिटर आहे. ते मोजमाप पुढे गळतीच्या संदर्भात उपयोगी पडेल. पातेल्याच्या तळाशी काय बसते तेही पाहा. सोनेरी, पिठासारखी पितळेची भुकटी या वयात अपेक्षित आहे. नखाला टोचणारे पोलादाचे कण किंवा सुईच्या जाडीचा तुकडा मिळाला, तर मात्र गाडी तिथेच थांबवा. भरण्याचे बूच पुढच्या गालिच्याखाली, गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्यातील रबरी झाकणाच्या आत सापडेल.

दुसरा प्रश्न क्लचचा. पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला सिंक्रोनायझर नाही, त्यामुळे क्लच दाबताक्षणी ते घातले तर चांगल्या गाडीतही आवाज होणारच. चाचणी अशी करा. इंजिन मंद गतीवर चालू ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, दहापर्यंत सावकाश मोजा आणि मग रिव्हर्स घाला. आवाज झाला नाही तर आपण फक्त घाई करत होता. तरीही आवाज झाला, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन आतील शाफ्टला फिरवतच राहते. त्यात गिअरबॉक्सचा काहीही दोष नाही. इंजिन बंद असताना सर्व गिअर मऊ पडत असतील तर हेच निदान पक्के होते.

तिसऱ्या गिअरचे आणि घरघरीचे नंतर पाहू. ही दोन कामे आधी करून कळवा.

लेथ-उद्यमबाग (बेळगाव) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. क्लचबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या गाडीचे क्लचचे काम माझ्या लेथवर येऊन गेले आहे.

मॉरिस मायनरचा क्लच हायड्रॉलिक नाही. पेडलपासून एक सळई निघते, ती चॅसीच्या आत आडव्या रिले शाफ्टला फिरवते आणि त्या शाफ्टवरून दुसरी सळई क्लचच्या फोर्ककडे, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दुबेळक्या तुकड्याकडे, जाते. हे सगळे जमिनीखाली, चिखल-पाण्याच्या वाटेवर आहे. प्रत्येक जोडाची पिन झिजते, पिनेचे भोक लांबट होते, रिले शाफ्टचे बुश खाल्ले जाते, आणि प्रत्येक ठिकाणचा थोडा थोडा ढिलेपणा एकत्र झाला की पेडल तळाला टेकूनही क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट पूर्ण उचलली जात नाही. मिस्त्री सळईचे नट आवळून हा ढिलेपणा 'काढतात'. त्याने चार दिवस बरे वाटते. पण मोकळा खेळ संपला की रिलीज बेअरिंग, जे फक्त पेडल दाबल्यावर क्लचवर टेकायला हवे, ते कायम टेकून राहते. या गाडीचे रिलीज बेअरिंग गोळ्यांचे नसून कार्बनचे आहे. ते सतत घासत राहिले तर लवकर संपते आणि मग धातूवर धातू खरडतो. पेडल दाबल्यावरच येणारा कोरडा, खरडल्यासारखा आवाज हा त्याचा असतो. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय असणाऱ्यांच्या हाती अशी गाडी देऊ नये, हे माझे वैयक्तिक मत.

तपासणी सोपी आहे, पण सुरक्षितपणे करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. लोखंडी घोड्यांवर ठेवा आणि मागच्या चाकांना दगड लावा. एकाने आत बसून हाताने पेडल हळूहळू दाबावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे. पेडल हलते पण रिले शाफ्ट हलत नाही, शाफ्ट फिरण्याऐवजी आधी वर-खाली उचलला जातो, फोर्कची सळई उशिरा निघते, हे सर्व डोळ्यांना दिसते. बुश गनमेटलचे करून घ्या. पिना नव्या करा आणि लांबट झालेली भोके वेल्डिंगने भरून पुन्हा मापात पाडा. उद्यमबागेत हे कोणतेही छोटे वर्कशॉप करील. आधी ढिलेपणा घालवा, मगच पेडलचा मोकळा खेळ लावा. उलट क्रमाने केल्यास मोजमापाला काही अर्थ राहत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या बैठकीची रबरेही याच वेळी पाहा. एक टोक चॅसीला आणि दुसरे इंजिनला अशी ही सळई असल्याने रबर मेले असेल तर इंजिन हलले की क्लचही हलतो आणि गाडी निघताना थरथरते.

अँबीप्रेमी (गोकाक) यांचे उत्तर

एवढ्या खटाटोपापेक्षा जुन्या अँबॅसडरचा गिअरबॉक्स बसवून टाका. दोन्ही गाड्या मॉरिसच्याच आहेत, सुटे भाग कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत कुठेही मिळतात आणि मिस्त्रींनाही ते काम माहीत आहे.

निवृत्त वर्कशॉप यांचे प्रत्युत्तर

सल्ला सद्भावनेचा आहे, परंतु तो अमलात आणू नये. अँबॅसडरचे मूळ मॉरिस ऑक्सफर्ड मालिका ३ या मोठ्या गाडीत आहे. तिच्या पेट्रोल इंजिनाचे कुळ बी-मालिकेचे, १४८९ सीसीचे. मायनर १००० चे इंजिन ए-मालिकेचे. दोघांचे बेलहाउसिंग (इंजिनला जोडणारे, क्लच झाकणारे कवच), शाफ्ट आणि दाते वेगळे, आणि अँबॅसडरचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, तर मायनरचा जमिनीवर. 'बेबी हिंदुस्तान' म्हणून जी छोटी गाडी हिंदुस्तान मोटर्सने काढली होती ती मायनरचीच, पण त्याआधीच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची, त्यामुळे तिचे भागही जसेच्या तसे बसतील असे धरून चालू नये. मायनरच्या ९४८ सीसी गिअरबॉक्सचे खरे सख्खे भाऊ म्हणजे ऑस्टिन ए-३५ आणि सुरुवातीची ऑस्टिन-हीली स्प्राइट. आतील बरेच भाग समान असल्याने ब्रिटनमध्ये ते अजून नवे तयार होतात. १९६२ पासून १०९८ सीसी इंजिनाबरोबर आलेला गिअरबॉक्स बाहेरून उभ्या कण्यांचा, रिब असलेला दिसतो आणि त्याचे सिंक्रोनायझर वेगळ्या रचनेचे आहेत. सुटे भाग मागवताना आपला गुळगुळीत कवचाचा आहे हे आधी खात्री करून लिहा, कारण मधल्या साठ-सत्तर वर्षांत कोणी काय बदलले असेल ते कागदपत्रांवरून कळत नाही.

तंबाखूपेठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे कामे करून हे लिहीत आहे.

गॅरेजमध्ये विचारले असता गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या दोन्हींत ९० नंबरचेच ऑइल घातल्याचे समजले. गरम गाडीतून ते काढून मोजले तेव्हा १.३ लिटरपेक्षा बरेच जास्त निघाले. गाडी एका बाजूने जॅकवर उचललेली असतानाच वरून ओतले गेले असावे असा माझा तर्क आहे. तळाशी पितळेची बारीक भुकटी मिळाली, पोलादाचे कण दिसले नाहीत. एसएई ३० इंजिन ऑइल सपाट जागेवर, बुचाच्या कडेपर्यंत भरले. डिफरन्शियलला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच दुसरा गिअर थंडपणीही पडू लागला. फरशीवरचा डाग खूपच कमी झाला आहे, पूर्ण बंद झालेला नाही.

क्लचची दहा मोजण्याची चाचणी केली तेव्हा रिव्हर्सला आवाज झालाच. माझे मामा आत बसून पेडल दाबत होते आणि मी खालून पाहत होतो; पेडलचा जवळजवळ निम्मा प्रवास संपेपर्यंत फोर्कची सळई हलतच नव्हती, आणि रिले शाफ्ट तर फिरण्याआधी सरळ वर उचलला जात होता. दोन बुश आणि सर्व पिना बेळगावला करून घेतल्या. आता क्लच दाबून थोडे थांबले की पहिला आणि रिव्हर्स दोन्ही आवाजाविना पडतात.

उरलेल्या दोन तक्रारींपैकी तिसरा गिअर उतारावर निसटणे तसेच आहे. घरघर मात्र ऑइल बदलल्यापासून उलट अधिक स्पष्ट ऐकू येते. जाड ऑइलच परत घालावे का, असा सल्ला गॅरेजमधून मिळत आहे.

चोर्लाघाट (खानापूर) यांचे उत्तर

जाड ऑइल परत घालू नका. त्याने आवाज दबतो, झीज दबत नाही. आणि जो आवाज ऐकून निदान करायचे तोच आपण गोधडीखाली झाकून टाकतो.

आधी घरघर. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनाकडून आलेला शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट (मेनशाफ्ट) एकमेकांना सरळ जोडले जातात. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्यात मात्र सगळा जोर खालच्या ले-शाफ्टवरून वळसा घेऊन जातो. त्यामुळे तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता, याचा अर्थ पहिला संशय ले-शाफ्ट आणि त्यावरच्या सुईसारख्या रोलर बेअरिंगांवर. पहिल्या गिअरचे आणि रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असल्याने त्यांची शीळ जन्मजात असते, ती मोजू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा आवाज ऐका. मग गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढून कान द्या. या अवस्थेत पुढचा शाफ्ट आणि ले-शाफ्ट दोन्ही फिरत असतात. घरघर ऐकू आली आणि क्लच दाबल्यावर थांबली, तर झीज या दोघांपैकी एकाच्या बेअरिंगात आहे. आणि सपाट रस्त्यावर चौथ्यात ताशी चाळीसच्या सुमारास ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहा. त्या वेळी आवाज बदलत असेल तर तो डिफरन्शियलचा असतो, गिअरबॉक्सचा नाही. कोणी मागचा ॲक्सल उघडायला निघण्याआधी ही चाचणी करून घ्यावी.

आता तिसरा गिअर. बाहेरचे एक कारण आधी बाद करा. जुन्या गाडीत नवा जाड गालिचा किंवा चुकीच्या मापाचे रबरी बूट बसवले की गिअरचा दांडा कडेला अडून शेवटपर्यंत जात नाही, दाते अर्धेच शिरतात आणि गिअर निसटतो. गालिचा आणि बूट काढून एकदा उतारावर चालवून पाहा. त्यानेही निसटत असेल तर दांड्यावर हलका हात ठेवा. दांडा खड्ड्याच्या धक्क्याने उडत असेल तर सिलेक्टर रॉडला, म्हणजे गिअर निवडणाऱ्या सळईला, खाचेत धरून ठेवणारी स्प्रिंग मेलेली असते. या स्प्रिंगा बाजूच्या झाकणाखाली मिळतात आणि किमतीने किरकोळ असतात. परंतु गुळगुळीत रस्त्यावर, केवळ पाय काढताच दांडा सावकाश हाताला ढकलू लागत असेल, तर दाते एकमेकांना बाहेर लोटत आहेत. पाय काढल्यावर चाके इंजिनाला ओढतात, जोराची दिशा उलटते, आणि झिजून उतरते झालेले दाते त्या जोरावर घसरत बाहेर येतात. मेनशाफ्टवर गिअर पुढे-मागे हलण्याची फट वाढली असेल तर हेच लवकर घडते. तिसरा-चौथा गिअर सरकवणाऱ्या आतील फोर्कचा स्क्रू ढिला असणे हे एक तिसरे कारण, तेही उघडल्यावर लगेच दिसते.

आपण लिहिलेल्या वर्णनावरून मला दाते आणि फट यांचा संशय अधिक आहे, आणि ले-शाफ्टही आवाज करतो आहे. म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मिस्त्रींचे म्हणणे त्या अर्थी चूक नव्हते. फक्त त्यांनी ते बाकी काही न पाहता सांगितले, आणि तसेच काम झाले असते तर ९० नंबरचे ऑइल पुन्हा नव्या सिंक्रोनायझरवर पडले असते.

लेथ-उद्यमबाग यांचे उत्तर

उतरवणार असाल तर दोन गोष्टी. ले-शाफ्ट बाहेर ओढला की त्यावरचे सुईरोलर आत सांडतात आणि परत बसवताना सगळ्यांची परीक्षा पाहतात. म्हणून ले-शाफ्टच्या व्यासापेक्षा किंचित बारीक आणि ले-गिअर व त्याचे दोन थ्रस्ट वॉशर मिळून होणाऱ्या लांबीएवढा एक खोटा शाफ्ट आधी लेथवर करून ठेवावा. खरा शाफ्ट काढताना तो मागोमाग सरकवायचा, म्हणजे रोलर जागेवर राहतात. हे दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट अशी की खरा ले-शाफ्ट मात्र इथे साध्या पोलादात वळवून घेऊ नका, अगदी आमच्याकडेही नाही. त्याचा पृष्ठभाग कडक केलेला आणि ग्राइंड केलेला असावा लागतो, कारण रोलर थेट त्याच्यावर धावतात. नुसता वळवलेला शाफ्ट थोड्याच दिवसांत खड्डे पाडून घेतो आणि ले-गिअरलाही सोबत नेतो. शाफ्ट, रोलर, थ्रस्ट वॉशर, स्प्रिंगा आणि तिसऱ्या-चौथ्याचा सिंक्रोनायझर एकदमच मागवा. बॉल बेअरिंगे बेळगावच्या दुकानांत मापावरून मिळू शकतील, पण बाहेरच्या कड्यावर रिंगेसाठी खाच आहे की नाही ते जुने बेअरिंग हातात घेऊनच जुळवा.

बेलहाउसिंगच्या तळाला एक छोटे भोक असते आणि त्यात एक सैल कॉटर पिन लटकत असते. ती मिस्त्रींना बरेचदा निरुपयोगी वाटते आणि ते भोक बुजवून टाकतात. ती हलत राहून भोक मोकळे ठेवते. या गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नाही, त्यामुळे थोडे ऑइल पुढे येणारच. ते भोकातून गळाले नाही तर क्लच प्लेटवर जाईल. उरलेला डाग काळा असेल तर तो इंजिनाच्या मागच्या टोकाचा, मधासारखा असेल तर गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्स खाली आल्यावर क्लच प्लेट आणि कार्बन बेअरिंग समोरच दिसतील, तेव्हा त्यांचाही निकाल त्याच वेळी लावा.

तंबाखूपेठ यांचे उत्तर

गालिचा आणि बूट काढून पाहिले, फरक पडला नाही. दांडा हाताला सावकाश ढकलतो, धक्क्याने उडत नाही. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबते. सुटे भाग मागवतो. ते येईपर्यंत गाडी वापरावी की उभी ठेवावी? आणि गिअरबॉक्सचे काम कोल्हापूरला करायचे ठरले तर तिथपर्यंत ती चालवत किंवा दोर बांधून नेता येईल का?

निवृत्त वर्कशॉप यांचे उत्तर

गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर चालवण्यास हरकत नाही. बसून राहण्यापेक्षा ते बरे. मात्र तवंदी किंवा वंटमुरी घाटात अजिबात नेऊ नका. उतारावर तिसरा गिअर निसटला की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार चारही चाकांच्या ड्रम ब्रेकवर येतो. ते तापले की त्यांची पकड कमी होते. हाताने दांडा दाबून धरून उतरणे हा उपाय नव्हे. त्याने गिअर सरकवणारा फोर्कही झिजतो.

कोल्हापूरला नेताना दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना मागची चाके मेनशाफ्ट फिरवतात, पण ले-शाफ्ट फिरत नाही, आणि तोच ऑइल वर उडवत असतो. वरचे भाग कोरडे चालतात. ओढण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा लांब दांडा) ॲक्सलपासून सोडवून बांधून ठेवावा. त्यापेक्षा सपाट टेम्पोवर चढवून न्यावी. चढवताना पुढच्या बंपरला हुक लावू देऊ नका, पुढच्या सस्पेंशनच्या खालच्या हातांना पट्टे बांधायला सांगा. आणि काढलेले जुने ऑइल फेकून न देता पितळेच्या भुकटीसह एका पारदर्शक बाटलीत भरून सोबत द्या. गिअरबॉक्स उघडणाऱ्याला सिंक्रोनायझरच्या झिजेचा अंदाज आधीच येईल.

तंबाखूपेठ यांचे उत्तर

टेम्पोचेच ठरवले आहे. बाटली भरून ठेवली आहे, आणि त्यावर कोणते ऑइल होते व किती निघाले ते लिहून चिकटवले आहे. भाग आले की गिअरबॉक्स उघडताना दात्यांची आणि ले-शाफ्टची छायाचित्रे इथेच देईन.

लेथ-उद्यमबाग यांचे उत्तर

ले-शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मधल्या न झिजलेल्या भागावर मोजून कळवा. टोकांकडचे माप घेऊ नका, रोलर तिथेच धावतात. तेवढे माप आणि ले-गिअरची लांबी मिळाली की खोटा शाफ्ट करून बसने पाठवतो.